दुर्मीळ प्रसार, नेहमीचा उशीर

पन्नाशी उलटलेल्या एखाद्या बाईचा खोकला महिना झाला तरी थांबत नाही. आरोग्य केंद्रात छातीचा एक्स-रे काढला जातो, फुप्फुसावर डाग दिसतात आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पहिला संशय क्षयाचा घेतला जातो. थुंकीत जंतू सापडत नाहीत. पुढे सीटी स्कॅन होतो, गोल कडांच्या गाठी पाहून डॉक्टरांना वेगळीच शंका येते आणि मग कोणीतरी पहिल्यांदाच विचारते, पाळी गेल्यानंतर पुन्हा कधी अंगावरून गेले होते का? बाई मान खाली घालून हो म्हणते. वर्ष-दीड वर्ष जात होते. कोणी विचारले नाही, म्हणून तिने सांगितले नाही. कर्करोग फुप्फुसात जन्मलेला नसतो. गर्भाशयाच्या मुखाशी जन्मून तो तिथवर पोहोचलेला असतो.

वैद्यकाच्या पुस्तकांत असा दूरचा प्रसार या रोगाच्या बाबतीत कमी आढळणारा मानला जातो आणि ते खरेच आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा मुळात एका जागी ठाण मांडून बसणारा रोग. म्हणूनच तो फुप्फुस, यकृत, हाडे किंवा मेंदू गाठतो, तेव्हा ‘दुर्मीळ’ या शब्दाने समाधान मानण्यापेक्षा मधल्या काळात काय काय निसटले, याचा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे. २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे १ लाख २७ हजारांहून अधिक नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जगभरात त्या वर्षी सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या रोगाने दगावल्या. म्हणजे दर चार-पाच मृत्यूंमागे एक भारतातला.

रोगाची चाल समजून घेतली, तर हा हिशेब नीट लागतो. बहुतेक सर्व रुग्णांमध्ये मूळ कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही हे असते. त्याच्या अनेक उपप्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोनच जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारण ठरतात. शरीरसंबंधांतून पसरणारा हा संसर्ग इतका सार्वत्रिक आहे, की तो होणे यात कोणाच्या वर्तनाचा निवाडा नाही. बहुतेक स्त्रियांमध्ये तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांमध्ये तो टिकून राहतो आणि तिथल्या पेशींमध्ये सावकाश बदल घडू लागतात. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या स्त्रीमध्ये संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या वाटेला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रीमध्ये हाच काळ पाच ते दहा वर्षांवर येतो. इतकी लांब सूचना देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

कर्करोग झाल्यावरही तो लगेच दूर जात नाही. आधी तो योनीकडे खाली सरकतो, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या ऊतींत शिरतो, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. लसिका ग्रंथींच्या साखळीतून त्याची वाट खालून वर जाते. आधी ओटीपोटातील ग्रंथी, मग महाधमनीच्या कडेच्या, आणि क्वचित थेट डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ. रक्तातून झालेला प्रसार बहुधा आधी फुप्फुसात दिसतो, नंतर हाडे आणि यकृत. मेंदूत तो शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णालाच होतो. त्वचा, स्नायू, हृदय, प्लीहा इथे तो सापडला, तर डॉक्टर ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापायला पाठवतात, इतके ते विरळ.

या क्रमातूनच एक गोष्ट ध्यानात येते, जी घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. या रोगाने मरणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना तो दूरवर पसरल्याने मृत्यू येत नाही. ओटीपोटातली गाठ दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या दाबते, लघवी वरच अडते, मूत्रपिंडे फुगतात आणि हळूहळू काम थांबवतात. कधी रक्तस्राव थांबत नाही, कधी जंतुसंसर्ग आवरत नाही. पायावर सूज, कमरेत सतत दुखणे, लघवी कमी होणे ही लक्षणे घेऊन बाई येते, तेव्हा तिच्या छातीचा एक्स-रे स्वच्छही असू शकतो.

‘चौथा टप्पा’ हा शब्द ऐकल्यावर नातेवाईक जे समजतात, त्यातही एक गल्लत असते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, ठरवलेल्या वर्गवारीत चौथ्या टप्प्याचे दोन भाग आहेत. मूत्राशय किंवा गुदाशयात शिरलेला रोग पहिल्या भागात मोडतो. तिथे अनेकदा रोग बरा करण्याच्या हेतूनेच उपचार केले जातात. दूरच्या अवयवांत गेलेला रोग दुसऱ्या भागात येतो. महाधमनीलगतच्या ग्रंथींतला रोग पूर्वी दूरचा समजला जाई. २०१८च्या सुधारणेत तो तिसऱ्या टप्प्यात आणला गेला, कारण त्या स्त्रियांना किरणोपचाराने बरे होण्याची संधी असते हे दिसून आले होते. एकाच शब्दाखाली दोन फार वेगळी भवितव्ये असताना ‘चौथा टप्पा आहे, घरी न्या’ असा सल्ला मिळाला, तर तो पुन्हा एकदा नीट विचारून घ्यावा.

अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग गर्भाशयमुखापुरता असताना सापडला, तर दहापैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत असतात. आसपासच्या भागात पसरलेला असेल, तर सहा. दूर गेला असेल, तर जेमतेम दोन. भारतातील अकरा नोंदणी केंद्रांच्या २०१२ ते २०१५ या काळातील रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांचे जीवितप्रमाण ५१.७ टक्के आले. अर्ध्याच्या आसपास अडकलेला हा आकडा आपल्याकडच्या स्त्रिया कोणत्या अवस्थेत इस्पितळाच्या दारात येतात, ते सांगतो.

नियमाला अपवाद आहेत आणि ते विसरून चालणार नाही, नाहीतर प्रत्येक प्रगत रुग्णाकडे ‘हिने दुर्लक्ष केले’ अशाच नजरेने पाहिले जाईल. ग्रंथीपेशींतून उद्भवणारा ॲडिनोकार्सिनोमा गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात दडून वाढू शकतो. न्यूरोएंडोक्राइन हा अतिशय विरळ प्रकार तर गाठ लहान असतानाच रक्तातून पसरतो. अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स ही या आजाराची जगातली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. तिशी नुकतीच ओलांडलेली ही कृष्णवर्णीय स्त्री १९५१च्या आरंभी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात गेली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तिचा मृत्यू झाला. रेडियमचे उपचार होऊनही आठ-नऊ महिन्यांत रोग तिच्या शरीरभर पसरल्याचे शवविच्छेदनात दिसले. शेवटी मूत्रपिंडांनीच हात टेकले होते. तिच्या गाठीचा प्रकार ॲडिनोकार्सिनोमा होता, हे जवळपास दोन दशकांनी लक्षात आले. तिच्या नकळत घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात एचपीव्ही आणि या कर्करोगाचे नाते सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना २००८चे नोबेल मिळाले. त्यांनी शोधलेला १८ क्रमांकाचा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींतही आढळला होता.

तिच्यानंतर वर्षभराच्या आत, २६ जुलै १९५२ रोजी, अर्जेंटिनाच्या अध्यक्षांची पत्नी एव्हा पेरॉन याच रोगाने वयाच्या ३३व्या वर्षी गेली. तिच्याही फुप्फुसांपर्यंत रोग पोहोचला होता. न्यूयॉर्कहून गुपचूप आणलेल्या शल्यविशारदाने तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि ती कोणी केली, हेही तिला कळू दिले गेले नाही. देशातील सर्वांत प्रभावी स्त्रीला तिच्याच आजाराचे नाव सांगितले गेले नव्हते. सत्तर वर्षांनंतर आपल्या घरांतून ‘तिला काही सांगू नका डॉक्टर’ हे वाक्य अजून ऐकू येते. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, पण ज्या बाईला आजाराचे नाव ठाऊक नाही, तिने उपचारांनंतर दर तीन महिन्यांनी तपासणीला कशासाठी यावे?

आपल्याकडे नाव न घेण्याची सवय याहून खोल आहे. मराठीत गर्भाशयाला बायका ‘पिशवी’ म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खराब झाली, पिशवी काढून टाकली. गर्भाशयाचे मुख, त्याचा वरचा भाग, अंडाशय हे सगळे त्या एका शब्दात गुंडाळले जाते आणि त्यासोबत त्या त्या भागाचे वेगवेगळे आजारही. अंगावरून पांढरे जाणे हे तर बाईपणाचा भागच मानले जाते. संबंधांनंतर रक्त दिसणे ही या कर्करोगाची महत्त्वाची खूण. ती नवऱ्यालाही सांगितली जात नाही, मग दवाखान्यातल्या पुरुष डॉक्टरला कुठून सांगणार? पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसले, तर ‘पाळी परत आली’ असे हसून सांगणाऱ्या बायकाही आहेत.

याच धुक्यात दुसरे एक गंभीर प्रकरण घडत आले आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईची साधी पॅप चाचणीही न करता ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा कर्करोगाची भीती घालण्याचा हा प्रकार चव्हाट्यावर आला. त्यातील बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नव्हताच. उलट ज्यांना तो खरोखरच असतो, त्यांच्यावर तपासणीविना साधी शस्त्रक्रिया झाली, तर रोगाचा काही भाग आत राहू शकतो. पेशींचा अहवाल नंतर येतो आणि उपचारांची घडी पहिल्या पावलापासूनच विस्कटते. जिथे चाचणी हवी तिथे शस्त्रक्रिया, आणि जिथे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार हवेत तिथे अंगावर काढणे, असा हा उलटा व्यवहार आहे.

खेदाची बाब अशी, की वेळेवर चाचणी केल्याने काय साधते याचा जगाला मिळालेला सर्वांत भक्कम पुरावा मराठी मुलखातूनच गेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास केला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा नेहमीच्या सेवेवर सोडलेला. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाचे ३४ मृत्यू, तर चाचणी न झालेल्या गटात ६४. प्रगत अवस्थेतील कर्करोगही निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र तेवढा फरक पडला नाही.

टाटा मेमोरियलनेच मुंबईच्या वस्त्यांत दुसरा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगरच, लावून पांढरा डाग उमटतो का हे त्या पाहत. दर दोन वर्षांनी अशी पाहणी झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यासांत चाचणी न दिल्या गेलेल्या गटांवरून नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते आक्षेप गैर नव्हते. हजारो स्त्रियांना ‘नेहमीच्या सेवेवर’ सोडणे म्हणजे या देशात कशावरही न सोडणे होते. त्या किमतीवर मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग तरी व्हायला हवा होता. बार्शीचा निष्कर्ष हाताशी धरून अनेक देशांनी आपले चाचणी कार्यक्रम एचपीव्हीकडे वळवले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच चाचणी पहिली मानली. इकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १.९ टक्के स्त्रियांचीच आयुष्यात कधीतरी या कर्करोगासाठी तपासणी झाल्याचे दिसले. तीस ते पासष्ट वयातील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी पाहणी करावी, असे केंद्राचे मार्गदर्शन २०१६ पासून कागदावर असताना.

सध्याची सार्वजनिक चर्चा मात्र लशीची आहे. ते स्वाभाविकही आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या सर्व्हाव्हॅक या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी लसीकरणावरील राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने एचपीव्ही लस सार्वत्रिक कार्यक्रमात घेण्याची शिफारस केली आणि फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. इतका उशीर का झाला, याचे एक उत्तर वडोदऱ्यात आहे. २००९ मध्ये वडोदरा आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम या जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर तो २०१० मध्ये थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पालकांची रीतसर संमती घेण्यात मात्र अक्षम्य हेळसांड झाल्याचे उघड झाले. तो संशय धुऊन निघायला एक तप गेले. सिक्कीमने मात्र २०१८ मध्ये आरोग्य आणि शिक्षण खात्यांना एकत्र आणून ९ ते १३ वर्षांच्या जवळजवळ सर्व मुलींना लस दिली. छोट्या राज्याला हे जमते, एवढे तरी त्यातून दिसले.

पण लस आजच्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या चाळिशीत वाचवणार आहे. तिची आई पस्तीस-चाळीसची आहे, आजी साठीची. त्या दोघींना संसर्ग होऊन गेला असेल, तर लस तो बरा करीत नाही. येत्या पंधरा-वीस वर्षांत या रोगाने होणारे बहुतांश मृत्यू आज तिशी ओलांडलेल्या स्त्रियांचे असतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या लक्ष्यांत म्हणूनच तीन आकडे एकत्र आहेत. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाआधी लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत चाचणी, आणि रोग सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. आपल्याकडे पहिल्या आकड्याचे सोहळे होतात. मधला सत्तर कोणाच्याच भाषणात येत नाही, कारण लस एका दिवसात टोचून छायाचित्र काढता येते, चाचणीनंतर मात्र त्या बाईच्या मागे महिनोन् महिने राहावे लागते.

गोव्यापुरते पाहिले, तर या मधल्या आकड्याचे यंत्र आपल्याच अंगणात तयार होते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील मोलबायो या कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयाच्या आणि पुढे कोविडच्या चाचणीसाठी देशभरातील आरोग्य केंद्रांत पोहोचली आहेत. त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणी कंपनीने विकसित केली. २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या साह्याने झालेल्या बहुकेंद्री पडताळणीचे निष्कर्ष जाहीर झाले, त्यात तिचाही समावेश होता. पुण्याच्या मायलॅबची चाचणीही त्यात होती. या चाचणीचा आणखी एक गुण असा, की नमुना बाईला स्वतःच घेता येतो. पडद्याआड जाऊन एक छोटा ब्रश वापरायचा, कोणासमोर उघडे पडायचे नाही. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून सर्व पात्र स्त्रियांना ही मुभा दिली आहे. ‘पुरुष डॉक्टर आहे म्हणून गेले नाही’ हे कारण त्यामुळे बरेचसे गळून पडते. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये आम्ल लावून पाहणी फारशी भरवशाची राहत नाही, कारण तपासायचा भाग आत सरकलेला असतो. तिथेही हीच चाचणी उपयोगी पडते.

हिशेब अवघड नाही. राज्यात तपासायच्या वयोगटात तीन लाख स्त्रिया धरल्या आणि प्रत्येकीची पाच वर्षांत एक चाचणी करायची म्हटले, वर्षाला कामाचे अडीचशे दिवस मोजले, तर रोजच्या २४० चाचण्या होतात. बारा तालुक्यांत वाटल्या, तर तालुक्यामागे वीस. पेडण्यापासून काणकोणपर्यंत एवढी क्षमता उभी करणे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चालवणाऱ्या सरकारला अशक्य नसावे. खरी परीक्षा पुढची. ज्यांचा निकाल सदोष येईल, त्यांना बोलावणे, पुन्हा तपासणे, पूर्वकर्करोगाचा डाग असेल तर तिथेच थर्मल ॲब्लेशनने जाळून टाकणे. हे काम काही मिनिटांचे आहे, भूल द्यावी लागत नाही. निकाल कळवून बाईला घरी पाठवले आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली, तर चाचणीवरचा खर्च वाया गेला असे समजावे.

आता उपचार झालेल्या स्त्रियांविषयी, कारण दूरच्या प्रसाराचा दुसरा मोठा वाटा तिथून येतो. स्थानिक पातळीवर वाढलेल्या रोगाला केमोथेरपीसह किरणोपचार आणि शेवटी आतून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी, ही आजची मान्य पद्धत. तिसऱ्या टप्प्यात केमोथेरपीची जोड दिल्याने किती फायदा होतो, हे टाटा मेमोरियलने ८५० स्त्रियांवरील अभ्यासात दाखवले. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. एमआरआयच्या आधारे नेमकी ब्रॅकीथेरपी दिलेल्या १,३०० हून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर पाच वर्षांनी मूळ जागेवरचा रोग ९२ टक्के स्त्रियांमध्ये आटोक्यात होता. रोग मूळ जागी हरू लागल्यावर जे अपयश उरते, ते मोठ्या प्रमाणात दूरच्या अवयवांतले असते. उपचार चांगले झाल्याने दूरच्या प्रसाराचे सापेक्ष प्रमाण वाढलेले दिसते, हे वाचायला विचित्र वाटते, पण आहे तसेच.

त्यावर एक स्वस्त उपाय २०२४ मध्ये समोर आला. ‘इंटरलेस’ या अभ्यासात भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांचा समावेश होता. किरणोपचारांआधी सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन जुनी, पेटंटमुक्त औषधे दिली गेली. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या स्त्रिया ७२ वरून ८० टक्के झाल्या. इम्युनोथेरपीच्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधानेही फायदा होतो, परंतु त्याच्या एकेका मात्रेचा खर्च लाखांत जातो. कोणता पर्याय मुख्यतः सरकारी इस्पितळावर अवलंबून असलेल्या बाईपर्यंत पोहोचेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रोग पुन्हा उद्भवला, तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उद्भवतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी सांगितलेली असते. बांबोळीच्या गोमेकॉत गोव्याबरोबरच सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्ण येतात, गोव्यातले अनेक जण परळला टाटात जातात. उपचार एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, विमा योजना तिसऱ्याच नियमाची. सावंतवाडीची किंवा दोडामार्गची बाई उपचार संपवून घरी गेली आणि पुढच्या तारखेला आली नाही, तर तिला फोन कोणी करायचा, याचे उत्तर कोणत्याही एका कार्यालयाकडे नसते. एखाद-दुसरी गाठ फुप्फुसात किंवा मानेच्या ग्रंथींत लवकर सापडली, तर काही निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराने तीही काढून टाकण्याचा प्रयत्न करता येतो. खोकला सुरू होऊन तीन महिने खोकल्याचे औषध पिऊन झाल्यावर ती संधी बहुधा उरलेली नसते. आधी या कर्करोगाचे उपचार झालेल्या स्त्रीला नवा खोकला, हाडांत एका जागी टिकून राहणारे दुखणे, मानेत गाठ, पायाला एका बाजूची सूज यांपैकी काही जाणवले, तर गावच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यातच जुन्या आजाराचे नाव सांगावे आणि फाईल दाखवावी. त्यासाठी अर्थातच तिला ते नाव माहीत असावे लागते.

आणि ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, त्या? केमोथेरपीला बेव्हॅसिझुमॅबची जोड दिल्यास सरासरी आयुष्य तेरा महिन्यांवरून सतरा महिन्यांवर जाते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आता त्याचे देशी पर्याय मूळ औषधापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. चार महिने कोणाला थोडे वाटतील, पण घरात लग्न ठरलेली मुलगी असेल तर ते थोडे नसतात. हाडात गेलेल्या रोगाच्या वेदनांवर एका दिवसाचा, एकाच वेळचा किरणोपचारही अनेक दिवसांच्या उपचारांइतकाच आराम देतो. काणकोण किंवा सत्तरीहून रोज बांबोळीला खेपा घालू न शकणाऱ्या रुग्णासाठी ही माहिती महत्त्वाची आहे आणि ती डॉक्टरांकडे मागून घेता येते. थांबत नसलेला रक्तस्रावही काही मोजक्या किरणोपचारांनी आटोक्यात आणता येतो. मूत्रवाहिनी अडली असेल, तर स्टेंट घालून मूत्रपिंडाला वेळ देता येतो. तो द्यावा की नाही, हे त्या बाईला विचारून ठरवायचे असते. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत. २०१४ मध्ये अंमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन त्या मिळण्यातील परवान्यांचा जाच कमी करण्यात आला. तरीही ‘सवय लागेल’ या भीतीने त्या लिहून न देणारे डॉक्टर आणि कपाटात बंद करून ठेवणारे नातेवाईक आजही भेटतात, आणि पलंगावरची बाई रात्रभर जागी असते.